सॅम्पल पाठवलं, पण बातमी कुठंय?

वाचकांचे प्रश्न : धंदा आणि प्रसिद्धी

या महिन्यात आलेली पत्रं आणि व्हॉट्सॅपवरचे मेसेज बघितले तर बहुतेक सगळे एकाच गोष्टीवर. आपला माल पत्रकारांना पाठवायचा का, पाठवला तर कसा, आणि पाठवूनही काहीच का छापून येत नाही. म्हणून यावेळची सगळी जागा त्यालाच दिलीय. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, काहींनी तसं सांगितलं होतं, बाकीच्यांची पत्रं वाचून आम्हीच ठरवलं.

प्रश्न : मी आणि माझ्या दोन जावा मिळून घरून शेंगा चटणी आणि कडक भाकरी करतो, तीन वर्षं झाली करायलोय. दिवाळीच्या आधी शहरातल्या सगळ्या पेपरच्या ऑफिसात चटणीची पाकिटं आणि सोबत आमचं कार्ड असं देऊन आलो. पुण्याला पण दोन-तीन ठिकाणी पाठवलं. एक ओळ नाही की साधा फोन नाही. चटणी आवडली नाही का? का पैसे द्यावे लागतात?
— एक ताई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, चटणी आवडली असणार, त्याची काळजी करू नका. पेपरच्या ऑफिसात आलेली शेंगा चटणी संध्याकाळपर्यंत टिकत नाही. कुणीतरी पाकीट फोडतं, कुणाच्या तरी डब्यात भाकरी असतेच, पाच-सहा जण खातात, झकास आहे म्हणतात आणि रिकामं पाकीट कचऱ्यात जातं, त्याच्यासोबत तुमचं कार्ड पण. खाणाऱ्यांपैकी एकालाही माहीत नसतं की हे कुणी पाठवलं आणि कशासाठी. वर 'मा. संपादक' लिहिलं होतं ना? मग झालं, ते सगळ्यांचं झालं म्हणजे कुणाचंच नाही.

त्यात तुम्ही गाठली दिवाळी. त्या पंधरा दिवसांत ऑफिसात मिठाईचे बॉक्स, ड्रायफ्रूट, डायऱ्या, घड्याळं काय काय येत असतं, त्या ढिगात तुमची चटणी पण दिवाळीची भेट म्हणूनच धरली गेली. वर पानं जाहिरातींनी भरलेली, बातमीला जागा कमी. सॅम्पल पाठवायला याच्याइतका वाईट काळ वर्षात दुसरा नाही. त्यापेक्षा गड्ड्याच्या यात्रेच्या (जानेवारीतल्या आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) आधी, डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, हुरड्याचा सीझन सुरू झालेला असतो, पुरवणीवाले खाण्यापिण्याचं काहीतरी शोधतच असतात, तेव्हा बघा.

आता कुणाला पाठवायचं. महिनाभर पेपर नीट वाचा, म्हणजे बातमी वाचून सोडू नका, वर नाव कुणाचं आहे ते बघा. बचत गट, गृहउद्योग, बाजारभाव, खाणं यावर कोण लिहितं ती नावं वहीत काढा. आपल्याकडं अशी माणसं सगळी मिळून हाताच्या बोटावर मोजण्याइतकीच निघतील आणि तेवढी बास. मग त्यांना आधी मेसेज करा, फोन करायचा असेल तर दुपारी बारा ते तीनच्या मधे करा, संध्याकाळी पाचनंतर बातम्या द्यायची घाई असते तेव्हा फोन केला तर माणूस 'हो हो पाठवा' म्हणतो आणि विसरतो. मेसेज साधा असू द्या, असं काहीतरी :

'नमस्कार, बचत गटांवरची तुमची मागच्या आठवड्यातली बातमी वाचली. आम्ही तिघी जावा जुळे सोलापुरात घरून शेंगा चटणी करतो. शेंगदाणा महागला तेव्हा किंमत वाढवायची का पाकिटातली चटणी कमी करायची यावरून घरात वाद झाला, शेवटी काय केलं आणि गिऱ्हाईक काय म्हणालं ते सांगण्यासारखं आहे. तुमची हरकत नसेल तर चव बघायला थोडी पाठवू का? त्यावर लिहायलाच पाहिजे असं काही नाही.'

ही शेवटची ओळ मनापासून लिहायची बरं का. नाहीतर चटणी पाठवायची आणि दुसऱ्या दिवसापासून 'कधी छापताय' म्हणून मागं लागायचं, याला पत्रकार जाम वैतागतात. एकदा पोचली का विचारा, आठवड्यानं एकदा काही माहिती हवीय का विचारा, मग गप्प बसा.

आणि मेसेजमधे चटणी चविष्ट आहे असं कुठंच नाही ते बघितलंत का? चव बातमी होत नाही, सोलापुरात तर नाहीच, इथं प्रत्येकाला वाटतं आपल्या आईचीच चटणी भारी. तुमच्याकडं कामाला येणाऱ्या बायका आधी विड्या वळायच्या का, उखळात कुटलेल्या आणि मशीनवर केलेल्या चटणीत तुम्ही काय फरक ठेवलाय, पाकिटं पुण्या-मुंबईच्या कुठल्या दुकानांपर्यंत जातात, कडक भाकरी वाटेत मोडू नये म्हणून काय करता, ह्या गोष्टी लिहिणाऱ्याला कामाच्या. चटणी फक्त त्याला पटावं म्हणून, की हे खरंच चांगलं करतात.

पॅकिंगबद्दल दोन शब्द, कारण इथंच बरीच सॅम्पलं मरतात. आपल्या चटणीला तेल सुटतं, तीच तर तिची मजा, पण उन्हाळ्यात इथला पारा चाळिशी पार करतो आणि कुरिअरच्या गोडाऊनमधे तर विचारूच नका, मग तेल पाकिटातून बाहेर, सोबतच्या कागदावर, आणि शेंगदाण्याला खवट वास. एप्रिल-मे टाळा. आत सीलबंद पाऊच, बाहेर प्लास्टिकची बरणी, पत्र वेगळ्या पिशवीत. शंभर-शंभर ग्रॅमच्या दोन खूप झाल्या, किलोभर पाठवलं की ते सॅम्पल वाटत नाही, आहेर वाटतो. लेबल विकायच्या मालावर असतं तसंच पूर्ण हवं : बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, घटक, आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, १४ आकडी नंबर. घरगुती असलं तरी नोंदणी लागतेच, आणि पत्रकार पहिल्यांदा तेच बघतो. शेंगदाणा ॲलर्जीच्या यादीत आहे, तेही लिहायचं. चटणीचं नावच शेंगा चटणी म्हटल्यावर वेगळं काय लिहायचं असं वाटेल, पण दुसऱ्या राज्यातून आलेल्या पत्रकाराला 'शेंगा' म्हणजे शेवग्याच्या का कशाच्या, कळत नाही.

पुण्याला कशानं पाठवलंत ते लिहिलं नाही, पण ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून पाठवलं असेल तर तिथंच संपलं. आपल्याला ती सवय आहे, मामाला स्वारगेटला सांगून ठेवायचं, तो पहाटे जाऊन घेऊन येतो. पत्रकार तुमचा मामा नाही. घरपोच जाणारं कुरिअर करा नाहीतर स्पीड पोस्ट. आणि हो, पोस्टात जाऊन 'रजिस्टर करायचंय' म्हणू नका, रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मधेच स्पीड पोस्टमधे विलीन झालंय.

पैशाचं पुढच्या प्रश्नात येतंय.

प्रश्न : एका ठिकाणी सॅम्पल घेऊन गेलो तर बातमी देतो म्हणाले, पण आधी क्वार्टर पान जाहिरात द्या. ही पद्धतच आहे का?
— मसाला व्यावसायिक, मंगळवार पेठ

उत्तर : काही ठिकाणी आहे, खोटं कशाला बोला. जाहिरात देण्यात गैर काही नाही, परवडत असेल आणि तुमचं गिऱ्हाईक तो पेपर वाचत असेल तर द्या, बिल घ्या, आणि ती जाहिरात म्हणूनच छापून येऊ द्या. पण पैसे घेऊन छापलेला मजकूर बातमी म्हणून दाखवायचा याला पेड न्यूज म्हणतात. जाहिरात आणि बातमी वाचकाला वेगळी कळली पाहिजे असं प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाचे पत्रकारितेचे नियम सांगतात, आणि २०१० मधे कौन्सिलनं पेड न्यूजवर वेगळा रिपोर्टच काढला होता. नैतिकतेचं बाजूला ठेवलं तरी व्यवहार म्हणून पण तो तोट्याचा, कारण वाचक येडा नसतो. सगळी विशेषणं आणि दुकानाचा फोन नंबर असलेली 'बातमी' तो बरोबर ओळखतो. 'सध्या जाहिरातीचं बजेट नाही, पण माहिती हवी असेल तर कधीही फोन करा' एवढं म्हणून निघून या. त्याच ऑफिसातला एखादा बातमीदार पुढं-मागं तुम्हाला स्वतःहून फोन करेल, जाहिरात विभाग आणि बातमीदार ही वेगळी माणसं असतात.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं चादर-टॉवेलचं युनिट आहे, वडिलांपासूनचं. नवीन जॅकार्ड डिझाइन (मागावर विणतानाच उठवलेली नक्षी) काढलीत. मुंबई-दिल्लीच्या घरसजावटीच्या मासिकांना आणि वेबसाइटवाल्यांना पाठवावं म्हणतोय. पण चादर म्हणजे चटणी नव्हे, एकेक नग महाग जातो. किती जणांना पाठवू? परत मागितली तर बरं दिसतं का? आणि आमचे सीए म्हणतात फुकट दिलं तर जीएसटीचं पण काहीतरी बघावं लागतं.
— एक कारखानदार

उत्तर : अण्णा, आधी एकही चादर पाठवू नका. आधी फोटो. एक पांढऱ्या बॅकग्राउंडवर सरळ पसरून, एक खाटेवर किंवा दिवाणावर घातलेली, एक विणीचा जवळून, आणि एक मागावरचा, त्यात माणूस दिसला पाहिजे. फोटो व्हॉट्सॅपवर नुसते टाकले की बारीक होतात, छापायच्या लायकीचे राहत नाहीत, म्हणून लिंक द्या आणि ती लिंक कुणालाही उघडेल अशी ठेवा, नाहीतर पत्रकारानं परवानगी मागायची, तुम्ही दोन दिवसांनी बघायचं, तोपर्यंत त्याचं पान गेलेलं असतं. सोबत किंमत, माप, सूत कुठलं, कुठं विकत मिळेल, हे एका पानात. घरसजावटीच्या मासिकात किंमत नसेल तर वस्तू घेतच नाहीत बऱ्याच वेळा.

ज्यांना फोटो आवडेल ते स्वतः विचारतील. त्यांना पहिल्यांदा वीतभर कापडाचा तुकडा, रंगांच्या कार्डासारखा पुठ्ठ्यावर लावून. चादरीचा जीव तिच्या वजनात आणि विणीत असतो, ते फोटोत कळत नाही पण तुकड्यात कळतं. आणि ज्यांना फोटोशूट करायचंय किंवा वापरून बघून लिहायचंय त्यांनाच अख्खी चादर. अशी यादी चाळणी लावत लावत पाच-सात जणांवर आली की परवडतं.

परत मागायला अजिबात लाजू नका. शूटसाठी वस्तू उसनी देणं-घेणं हे त्या मासिकांचं रोजचं काम आहे. फक्त पाठवायच्या आधी लिहून कळवा की ही शूटसाठी आहे, अमुक तारखेनंतर आमचं कुरिअर येऊन घेऊन जाईल, खर्च आमचा. आधी काहीच न बोलता पाठवायची आणि महिन्यानं 'ती चादर...' म्हणून फोन करायचा, ते मात्र वाईट दिसतं. उलट चांगल्या पत्रकाराला उसनं दिलेलंच बरं वाटतं, कारण माध्यमांनी भेटी, सवलती, फुकटचे प्रवास घेऊ नयेत असं प्रेस कौन्सिलचे नियम सांगतात, काही ऑफिसांचे स्वतःचे नियम त्याहून कडक असतात, आणि महाग वस्तू ठेवून घेतली तर त्यालाच अडचण.

आता तुमच्या पत्रासोबत आलेली प्रेसनोट. ती वाचून मी दोन ठिकाणी लाल खूण केलीय. पहिली, 'हातमागावर विणलेली पारंपरिक सोलापुरी चादर'. अहो, तुमच्याच फोटोत मागं पॉवरलूम चालू दिसतोय! आपल्याकडची बहुतेक चादर यंत्रमागावरच निघते, त्यात कमीपणा काय आहे? जॅकार्ड बसवून दोन्ही बाजूंनी वेगळ्या रंगात उठणारं डिझाइन काढायचं हे सोपं काम आहे का? ते लिहा. हातमाग म्हणालात आणि एखाद्या कापडातलं कळणाऱ्या बाईंनी उलटून विचारलं तर तुमच्यासोबत गावाचं पण नाव जातं. ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन असतो म्हणून त्या दिवशी प्रेसनोट काढायचा बेत तुम्ही लिहिलाय, तो याच कारणासाठी सोडून द्या.

दुसरी खूण जीआयवर, म्हणजे गावाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या मालाला मिळणाऱ्या भौगोलिक मानांकनावर. सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल, दोघांनाही जीआय आहे हे खरं. पण जीआय गावाला मिळाला म्हणून गावातल्या प्रत्येकानं तो छापायचा असं नसतं, १९९९ च्या जीआय कायद्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करून घ्यावी लागते. तुमची आहे का? असेल तर नंबरसकट लिहा, त्यानं प्रेसनोटला वजन येतं. नसेल तर तो शब्द काढा आणि आधी नोंदणीचं बघा.

वेळेचं गणित पण जमवा. महिन्याच्या मासिकाचा अंक दोन-तीन महिने आधी ठरतो. थंडीत चादर दिसावी असं वाटत असेल तर ऑगस्टमधे बोलणं सुरू पाहिजे, नोव्हेंबरात पाठवलेली चादर बघून ते फार तर पुढच्या वर्षी बघू म्हणतात. वेबसाइटवाले मात्र आठवड्याभरात लिहू शकतात.

सीए बरोबर सांगतायत. फुकट सॅम्पल म्हणून दिलेल्या मालावर इनपुट टॅक्स क्रेडिट (कच्च्या मालावर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७(५)(एच) म्हणतात ते, आणि ७ मार्च २०१९ च्या सर्क्युलरमधे ते परत स्पष्ट केलंय. म्हणजे सुतावर वगैरे घेतलेलं क्रेडिट तेवढ्यापुरतं रिव्हर्स करायचं. पाच-सात चादरींचं असं कितीसं होणार, पण नोंद ठेवा, कुणाला, कधी, किती नग, परत आला का नाही. उसना दिलेला आणि परत आलेला माल वेगळ्या रकान्यात. ही वही पुढच्या वर्षी कुणाला पाठवायचं हे ठरवताना पण कामाला येते.

प्रश्न : ज्वारीचे पोहे, चिवडा, कुकीज असा आमचा स्टार्टअप आहे, ज्वारी मंगळवेढ्याची घेतो. पेपर कोण वाचतं आता, आम्ही सरळ इन्स्टावाल्यांना पाठवतो. एक जण माल पण मागतो आणि वर पैसे पण. दुसरी म्हणते माल फुकट द्या, मी रील टाकते, पण 'जाहिरात' असं लिहिणार नाही, रीच पडते. काय करू?
— एक तरुण, विजापूर रोड

उत्तर : पेपर कोण वाचतं ते तुझ्या बापाला विचार, कुकीज घ्यायला पैसे तेच देणार आहेत! असो. रील बनवणारा आणि पत्रकार यांच्यात गल्लत करू नकोस. पैसे घेऊन रील करणं हा त्याचा धंदा आहे, तो मागतोय त्यात चूक नाही, परवडतं का ते तू बघ. पण तो व्यवहार झाला की ती जाहिरात झाली आणि तसं लिहावंच लागतं.

आणि फुकट माल घेऊन केलेली रील पण त्यातच येते. ॲस्की म्हणजे जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था, त्यांचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम जून २०२१ पासून लागू आहेत. त्यात पैसे नाही दिले, नुसता माल दिला, तरी ते सांगायचं असं स्पष्ट आहे, रील करणारीचं मत कितीही खरं असलं तरी. जानेवारी २०२३ मधे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं पण असंच मार्गदर्शन काढलं. जाहिरात दिशाभूल करणारी ठरली तर कंपनी आणि जाहिरात करणारा, दोघांवरही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत. आता तुझ्या कुकीजच्या रीलवर उद्या कुणी नोटीस काढेल असं मी म्हणत नाही, पण जी बाई पहिल्याच मेसेजमधे 'मी लिहिणार नाही' म्हणते तिला माल देऊ नकोस. 'पार्टनरशिप' नाहीतर सरळ मराठीत 'जाहिरात' लिहून पण छान रील करणारी पोरं सोलापुरात आहेत, त्यांच्याकडं जा. बघणारे पाच लाख नसतील, पाच हजार असतील, पण ते इथलेच असतील आणि दुकानात येतील.

खरी भीती मला वेगळ्याच गोष्टीची वाटते. तुझ्या पाकिटावर लिहिलंय 'शुगर बरी करते'. हे आजच्या आज काढ. मधुमेह बरा करतो असं जाहिरातीत म्हणणं १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यात बसत नाही, तिथं रोगांची यादीच दिलीय आणि मधुमेह त्यात आहे. दुसरं, 'ग्लूटेन फ्री'. ज्वारीत ग्लूटेन (गव्हात असतं ते प्रथिन) नसतं हे बरोबर, पण तू पीठ दळून कुठनं आणतोस? ज्या चक्कीवर आधी गहू दळला तिथंच ज्वारी टाकली तर पिठात गहू येणारच. ग्लूटेन फ्री लिहायचं तर किलोमागं २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही, त्याची लॅबची टेस्ट करून घे आणि रिपोर्ट सॅम्पलसोबत जोड. आरोग्यावर लिहिणारा एखादा पत्रकार तुला पहिला प्रश्न हाच विचारेल, आणि तेव्हा हातात रिपोर्ट असेल तर तीच तुझी बातमी. नसेल तर नुसतं 'मंगळवेढ्याची ज्वारी' लिही, तिलाही जीआय आहे, आणि चादरवाल्या अण्णांना वर जे सांगितलं ते तू पण वाच.

महाग वस्तू देणाऱ्यांसाठी एक जाता जाता : १ जुलै २०२२ पासून धंद्यापोटी कुणाला वर्षात २० हजारांच्या वर किमतीचा लाभ दिला तर १० टक्के टीडीएसचा (आधीच कापून भरायच्या आयकराचा) विषय येतो, छोट्या व्यावसायिकांना त्यात सूट आहे. कुकीजवाल्याला त्याची झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

प्रश्न : पत्रकार परिषद घेतोय, नवीन शोरूमची. बॅगेत काय द्यावं?
— सात रस्ता

उत्तर : प्रेसनोट, पेन, पाण्याची बाटली, आणि खाणं बाहेर टेबलवर. शोरूममधली एखादी छोटी वस्तू दिली तर सगळ्यांना सारखी, फोटोग्राफरला पण. पैशाचं पाकीट नाही. 'सगळे देतात' असं सांगणारा माणूस सोबत घेतला असाल तर त्यालाही घरी ठेवून या. आणि नुसतं शोरूम उघडलं याची परिषद कशाला? फोटो आणि चार ओळी पाठवल्या तरी तेवढंच छापून येईल.

प्रश्न : मी उलट्या बाजूनं विचारतोय, मी बातमीदार आहे. घरी न विचारता पार्सलं येतात. मिक्सर आला मागच्या महिन्यात! परत पाठवायचा खर्च मी का करू? ठेवला तर मनाला पटत नाही.
— नाव-गाव नको

उत्तर : मिक्सर ठेवू नका. पाठवणाऱ्याला मेसेज टाका की मी हे मागवलेलं नाही, सात दिवसांत तुमचं कुरिअर पाठवून घेऊन जा, आणि त्या मेसेजचा स्क्रीनशॉट संपादकांना पाठवून ठेवा, म्हणजे उद्या कुणी काही म्हणालं तर तुमच्याकडं आहे. खायच्या छोट्या गोष्टी ऑफिसच्या टेबलवर, घरी नाही. एखाद्या वस्तूवर लिहिलंच तर ती कंपनीनं दिली होती एवढी एक ओळ शेवटी टाका, वाचक त्यानं नाराज होत नाही. आणि धंदेवाल्यांनो, पत्रकाराच्या घरचा पत्ता कुणाकडून तरी काढून पार्सल पाठवायचं बंद करा. मागच्या दारानं आल्यासारखं दिसतं.

प्रश्न : एका वेबसाइटवर लिहिणाऱ्या बाईंना आमचे टॉवेल पाठवले होते, चांगला ५०० जीएसएमचा (चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजनाचा) माल. त्यांनी लिहिलं की दिसायला छान पण पाणी शोषत नाही आणि अंगाला दोरे चिकटतात. मुलगा म्हणतोय वकिलाची नोटीस पाठवू. मी म्हणतो काढून टाकायची विनंती करू. काय करावं?
— टॉवेल उत्पादक

उत्तर : काका, दोन्ही नको. पाठवलंत तेव्हा खरं मत लिहायची मुभा दिलीच होती ना, मग आता तक्रार कसली. नोटीस पाठवली की बाई तीच नोटीस फोटो काढून टाकतील, मग टॉवेल राहील बाजूला.

त्यांनी लिहिलंय ते त्यांच्यापुरतं खरं पण आहे. नव्या टेरी टॉवेलवर सॉफ्टनरचं फिनिश असतं, हाताला मऊ लागतं पण पाणी पटकन घेत नाही, आणि सुटे धागे पहिल्या एक-दोन धुण्यांत निघतात. हे तुम्हाला पाठ आहे, मला माहीत आहे, दुकानदाराला माहीत आहे. मुंबईच्या फ्लॅटमधल्या बाईंनी पॅकिंग फोडलं आणि आंघोळीला घेतला. पुढच्या वेळी सॅम्पलचे दोन नग पाठवा, एक कोरा आणि एक आधीच चार-पाच वेळा धुतलेला, त्यावर तशी चिठ्ठी लावून. धुतलेला टॉवेल सॅम्पल म्हणून पाठवायचा हे ऐकायला विचित्र वाटेल पण शोषणं, रंग, सुटे धागे, सगळं त्या एका नगात दिसतं आणि असं पाठवणारा कारखानदार लिहिणाऱ्याच्या लक्षात राहतो. सोबत धुण्याच्या सूचना मराठीत आणि इंग्रजीत : पहिल्यांदा वापरायच्या आधी धुवा, गडद रंग वेगळा, फॅब्रिक सॉफ्टनर नको.

आत्ता फक्त त्या बाईंना एक नम्र मेसेज करा, 'तुम्ही लिहिलंत ते वाचलं, दोन-तीन धुण्यांनंतर कसा वाटतो ते जमल्यास बघा.' बस. त्या परत लिहितील न लिहितील. जीएसएम, किंमत, कंपनीचं नाव असं काही चुकलं असेल तर ते मात्र दुरुस्त करून मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आधी लिहिणाऱ्याला सांगा, ऐकलं नाही तर संपादकाला. आणि पाचव्या धुण्यानंतरही जर मरून रंग सुटत असेल तर मात्र भांडण डाईंगवाल्याशी आहे, तिकडं जा.

प्रश्न : आमच्या लोणच्याची बातमी आली! फोटोसकट, अर्धं पान. आता ते कात्रण पाकिटावर छापू का? पेपरचा लोगो पण टाकायचा विचार आहे.
— एक वाचक, बाळे

उत्तर : अभिनंदन! कात्रण फ्रेम करून दुकानात लावा, त्याला कुणी काही म्हणत नाही. बातमीची लिंक फेसबुकला, व्हॉट्सॅपच्या स्टेटसला टाका. ज्यानं लिहिलं त्याला थँक्यू म्हणा, लोणचं पुन्हा पाठवू नका. पण पाकिटावर छापणं वेगळं, कारण मजकूर आणि फोटोचा कॉपीराइट पेपरचा असतो आणि लोगो तर त्यांचा ट्रेडमार्क. पाकिटावर गेला की ती तुमची जाहिरात झाली आणि त्यांनी तुमच्या लोणच्याची हमी घेतल्यासारखं दिसतं. लेखी परवानगी मागून बघा, एखाद-दुसरं वाक्य नावासकट वापरायला देतात कधी कधी. नाही म्हणाले तर सोडून द्या आणि त्या मोकळ्या जागेत पॅकिंगची तारीख जरा मोठ्या अक्षरात टाका, तुम्ही पाठवलेल्या बरणीवरची मला भिंग घेऊन वाचावी लागली.